लोकसंख्येचा विस्फोट अजून चालू आहे का? आकडे तपासून उत्तर हवे आहे

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आमच्या तालुक्यातील माध्यमिक शाळांची वक्तृत्व स्पर्धा दरवर्षी होते आणि यंदा विषय निश्चित करून परीक्षण करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. सुचवण्यात आलेल्या विषयांमध्ये ‘लोकसंख्येचा विस्फोट : देशापुढील सर्वांत मोठे संकट’ हा विषय पुन्हा एकदा आहे. या विषयावरील भाषणे मी अनेक वर्षे ऐकत आले आहे आणि त्यांचा साचा जवळपास ठरलेला असतो : लोकसंख्या भूमितीश्रेणीने वाढते आहे, गरिबांच्या घरी सहा-सात मुले जन्माला येतात, हे असेच चालले तर उभे राहायलाही जागा उरणार नाही आणि म्हणून सक्तीच्या कायद्यावाचून पर्याय नाही. मुले हे मनापासून बोलतात, कारण घरी, शाळेत आणि मोबाइलवर त्यांनी हेच ऐकलेले असते.

मला शंका येण्याचे कारण आमच्याच शाळेतील हजेरीपट आहे. पूर्वी एका घरातील चार-चार भावंडे शाळेत असत. आता बहुतेक घरांतून दोनच मुले येतात, आणि ती शेतमजुरांची असोत की दुकानदारांची, त्यात फारसा फरक दिसत नाही. एका शाळेवरून देशाचा आणि जगाचा निष्कर्ष काढणे योग्य नाही, हे मला समजते. म्हणूनच येथील जाणकारांना विचारते आहे : एका स्त्रीला सरासरी किती मुले होतात, हा आकडा आज नेमका किती आहे? तो खरोखरच घटला असेल, तर लोकसंख्या वाढते आहे असे आपण रोज का ऐकतो? आणि मुलांना हे समजावून सांगायचे झाल्यास कोणत्या आकड्यांवर विश्वास ठेवावा?

अंकवेध

आपला प्रश्न अतिशय महत्त्वाचा आहे, कारण या विषयात दोन वेगळी विधाने एकत्र मिसळली जातात. ‘लोकसंख्या वाढते आहे’ हे विधान खरे आहे. ‘लोकांना पूर्वीसारखीच पुष्कळ मुले होत आहेत’ हे विधान खोटे आहे. पहिले खरे आहे म्हणून दुसरेही खरे असलेच पाहिजे, असे आपण गृहीत धरतो आणि तेथे गफलत होते.

प्रथम भारताचे पाहू. एका स्त्रीला तिच्या आयुष्यात सरासरी किती मुले होतील, याच्या मापाला एकूण प्रजनन दर म्हणतात. १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा दर ३.४ होता. २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात तो २.० वर आला. आई-वडिलांच्या पिढीची जागा मुलांच्या पिढीने तेवढ्याच संख्येने भरून काढण्यासाठी हा दर साधारण २.१ असावा लागतो; याला प्रतिस्थापनाची पातळी म्हणतात. म्हणजे देश या पातळीच्या खाली आला आहे. महाराष्ट्राचा दर याच काळात २.९ वरून १.७ पर्यंत उतरला, गोव्याचा १.३ आहे आणि सिक्कीमचा १.१. बिहार ३.०, मेघालय २.९ आणि उत्तर प्रदेश २.४ ही राज्ये अजून वर आहेत, परंतु तीही उतरणीवरच आहेत. जगाचे चित्र याहून फारसे वेगळे नाही. १९६० च्या दशकात जगातील एका स्त्रीला सरासरी पाच मुले होत. आज हा आकडा २.३ च्या आसपास आहे. जागतिक लोकसंख्यावाढीचा वार्षिक वेग त्याच दशकात दोन टक्क्यांच्या वर गेला होता आणि आता तो एक टक्क्याहून कमी आहे. भूमितीश्रेणीने वाढ होण्यासाठी वेग कायम राहावा लागतो. येथे वेगच निम्म्याहून कमी झाला आहे.

मग संख्या का वाढते? विद्यार्थ्यांना हे फळ्यावर करून दाखवावे, असे मी सुचवेन. एका गावात शंभर जोडपी आहेत आणि प्रत्येकाची चार मुले जगून मोठी झाली, असे समजा. या चारशे तरुणांची दोनशे जोडपी झाली आणि त्यांनी प्रत्येकी दोनच मुले होऊ दिली, तर नव्या पिढीतही चारशे मुले येतात. त्या वेळी गावात दोनशे आजी-आजोबा, चारशे आई-वडील आणि चारशे मुले, असे एक हजार लोक असतील. पुढच्या टप्प्यावर दोनशे वृद्ध जातात, त्यांच्या जागी चारशे वृद्ध येतात, आणि मुलांची संख्या तेवढीच राहूनही गाव बाराशेचे होते. प्रत्येक घरात दोनच मुले असताना दोनशे माणसे वाढली. त्यानंतर मात्र गाव बाराशेवरच थांबते. आज भारतात जे घडते आहे, त्याचा गाभा हाच आहे : पूर्वीच्या मोठ्या पिढ्या तरुण झाल्या आहेत, त्या अधिक वर्षे जगत आहेत आणि वयाच्या इमारतीचे वरचे मजले भरत चालले आहेत. तळमजल्यावर गर्दी वाढलेली नाही.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा जनगणनेतच आहे आणि त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत भारताची लोकसंख्या सुमारे १८ कोटींनी वाढली. त्याच काळात शून्य ते सहा वर्षे वयाच्या मुलांची संख्या १६.३८ कोटींवरून १६.४५ कोटींवर गेली, म्हणजे जवळजवळ जागच्या जागी राहिली. वाढ झाली ती सहा वर्षांवरील लोकांत. हा एकच आकडा प्रत्येक वक्त्याने पाठ करावा, असे मला मनापासून वाटते.

पुढील अंदाजाबद्दल सांगायचे, तर संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०२४ च्या अनुमानानुसार जगाची लोकसंख्या २०८० च्या दशकाच्या मध्याला सुमारे १०३० कोटींवर पोहोचेल आणि मग हळूहळू उतरू लागेल. भारताची लोकसंख्या २०६० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे १७० कोटींच्या शिखरावर जाईल, असा त्यांचा अंदाज आहे. हे अनुमान आहे, मोजणी नव्हे. तरीही अंतहीन वाढीची कल्पना त्यात कोठेही नाही.

दर्याकिनारा

वरील आकडे मी नाकारत नाही, परंतु ठाणे आणि कल्याण येथील लोकलची गर्दी ज्याने अनुभवली आहे, त्याला ‘वाढ मंदावली आहे’ हे पटणे अवघड आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी जेथे शेते होती, तेथे आज वीस मजली इमारती उभ्या आहेत आणि नळाला पाणी नाही. दुसरे असे की, काही विशिष्ट समाजांत अजूनही पुष्कळ मुले होतात आणि त्यामुळे सरासरीचा आकडा फसवा ठरतो, असे वारंवार सांगितले जाते. या दोन्ही मुद्द्यांची आकडेवारी कोणी देऊ शकेल का?

जिल्हावार

गर्दीचा अनुभव खरा आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष तपासायला हवा. २००१ ते २०११ या दशकात तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८१ लाखांवरून ११० लाखांच्या वर गेली, म्हणजे ३६ टक्के वाढ झाली. हा आकडा एकटा पाहिला, तर विस्फोट हाच शब्द सुचेल. आता शेजारचे जिल्हे पाहा. मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या मुंबईची, लोकसंख्या त्याच दशकात ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली. रत्नागिरी जिल्ह्याची जवळजवळ पाच टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गाची दोन टक्क्यांहून अधिक घटली. लालबाग-परळच्या चाळींतील कुटुंबे डोंबिवली-बदलापूरला गेली, कोकणातील तरुण मुंबईच्या उपनगरांत आले, मराठवाड्यातून आणि इतर राज्यांतून लोक कामासाठी आले. ठाण्याच्या वाढीत स्थलांतराचा हा वाटा फार मोठा आहे, आणि घराघरांतील मुलांची संख्या वाढल्यामुळे ती झालेली नाही. मी स्वतः रत्नागिरी जिल्ह्यातील आहे. आमच्या वाडीत बंद घरे मोजायला गेलो, तर हाताची बोटे पुरणार नाहीत, आणि पटसंख्येअभावी शाळा चालू राहील की नाही, ही तेथील चिंता आहे. गर्दीच्या गाडीतून प्रवास करणाऱ्याला हे दिसत नाही, कारण तो जेथे उभा आहे तेथेच सगळे आलेले असतात.

पाण्याचा आणि घरांचा प्रश्न याने सुटत नाही, तो अतिशय गंभीर आहे. पण त्याचे कारण प्रजनन दर मानले, तर नगररचना, रोजगार आणि पाणीपुरवठा यांविषयी विचारायचे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

समाजांविषयीच्या मुद्द्याचेही उत्तर वर उल्लेखलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आहे. १९९२-९३ मध्ये हिंदू स्त्रियांचा प्रजनन दर ३.३ आणि मुस्लिम स्त्रियांचा ४.४ होता. २०१९-२१ मध्ये हे आकडे अनुक्रमे १.९ आणि २.४ झाले. दोन्ही उतरले, मुस्लिम समाजात घट अधिक झाली आणि दोहोंतील अंतर १.१ वरून निम्म्यावर आले. आज उरलेला फरक समजून घ्यायचा असेल, तर धर्मापेक्षा राज्य आणि शिक्षण यांकडे पाहावे लागते : बिहारमधील हिंदू स्त्रियांचा दर केरळमधील मुस्लिम स्त्रियांच्या दरापेक्षा अधिक आहे. शाळेत कधीच न गेलेल्या स्त्रियांना देशात सरासरी २.८ मुले होतात, तर बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्या स्त्रियांना १.८. मुलांच्या भाषणांत एखाद्या समाजाकडे बोट दाखवले जात असेल, तर परीक्षकांनी हे आकडे जवळ ठेवावेत. अशा वाक्यांचे ओझे त्याच वर्गात बसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला वाहावे लागते.

आरोग्यवाट

मी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. वर ‘किती’ याचे उत्तर आले आहे. मला ‘का’ याबद्दल लिहावेसे वाटते, कारण सर्वांत हट्टी गैरसमज तेथेच आहे. तो असा : गरिबांची मुले वाचवली, तर लोकसंख्या आणखी वाढेल. हे कोणी उघडपणे म्हणत नाही, पण अनेक चर्चांच्या मुळाशी हे गृहीतक असते.

प्रत्यक्षात घडते ते उलट. १९७१ मध्ये भारतात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १२९ बालके पहिला वाढदिवस पाहण्याआधी दगावत. नमुना नोंदणी पद्धतीनुसार, म्हणजे निवडक भागांत सरकार ठेवत असलेल्या जन्म-मृत्यूंच्या नोंदीनुसार, २०२० मध्ये हा आकडा २८ झाला. जेथे आठांतले एक मूल पहिल्या वर्षातच जाते आणि आणखी काही पाचव्या वर्षापर्यंत जातात, तेथे ‘दोन पुरे’ असे आईला सांगणे निरर्थक आहे. तिने चार-पाच मुलांचा विचार केला, तर त्यात अज्ञान नाही, अनुभव आहे. मूल जगेल याची खात्री वाटू लागली की मगच कुटुंब लहान होते. केरळने १९८० च्या दशकाच्या अखेरीस प्रतिस्थापनाची पातळी गाठली, ती मुलींचे शिक्षण आणि बालकांचे जगणे यांच्या आधाराने. बांगलादेशात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एका स्त्रीला सरासरी सहाहून अधिक मुले होत. आज तेथील दर दोनच्या आसपास आहे. तो देश श्रीमंत होईपर्यंत थांबला नाही. गावोगावी जाणाऱ्या महिला आरोग्य कार्यकर्त्या, लसीकरण आणि मुलींच्या शाळा यांनी हे घडवले.

आपल्या राज्यातील उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. बालमृत्यूंची नोंद काटेकोरपणे ठेवल्यावर त्यांना दिसले की, अर्भकांचे बरेच मृत्यू जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातच, घरी आणि रुग्णालयापासून दूर होत आहेत. तेव्हा त्यांनी गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन आरोग्यदूत केले. बाळाचे वजन घेणे, त्याला ऊबदार ठेवणे, श्वास अडकल्यास मदत करणे, न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविके देणे, ही कामे त्या घरी जाऊन करत. १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधानुसार, ३९ गावांत केलेल्या या प्रयोगाने नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला. पुढे याच धर्तीवरील घरपोच नवजात बालसेवेचे काम देशभरातील आशा सेविकांकडे आले. त्या सेविकांची पावले आणि आज आपण मोजत असलेला महाराष्ट्राचा १.७ हा प्रजनन दर, यांचा संबंध मला अगदी निकटचा वाटतो.

एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. या घसरणीची किंमत जवळजवळ पूर्णपणे स्त्रियांनी मोजली आहे. पाचव्या सर्वेक्षणात सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांनी नसबंदी करून घेतलेली आढळली. पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के होते. पुरुषांची शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि सुरक्षित असूनही ही स्थिती आहे. संततिनियमनाचे केंद्र रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत १९२१ मध्ये उघडले आणि त्यासाठी समाजाचा रोष पत्करला. त्यांच्या राज्यात शंभर वर्षांनंतरही हा भार असा एकतर्फी असावा, याची भाषणे मुलांनी अवश्य करावीत.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शून्य ते सहा वयोगटाचा आकडा आणि रत्नागिरी-ठाण्याची तुलना मी थेट वर्गात वापरणार आहे. एक प्रश्न राहतो. जवळजवळ प्रत्येक भाषणाच्या शेवटी ‘चीनसारखा कायदा हवा’ हे वाक्य येते. चीनमधील घट कायद्यामुळेच झाली, हे खरे आहे का?

अंकवेध

बहुतांशी नाही. चीनमध्ये १९७० च्या सुमारास एका स्त्रीला सरासरी सहाच्या जवळपास मुले होत. १९७९ पर्यंत, म्हणजे एक मूल धोरण देशभर कडकपणे लागू होण्याच्या आधीच, हा आकडा तीनच्या खाली आला होता. उशिरा लग्न, दोन मुलांत अंतर आणि कमी मुले अशी मोहीम तेथे सत्तरच्या दशकात चालली. तीत दबाव होता, पण त्याबरोबर आरोग्यसेवा आणि शिक्षणही होते. घसरणीचा मोठा भाग त्या दशकातला आहे. एक मूल धोरण २०१५ पर्यंत राहिले, आता तेथील सरकार अधिक मुले व्हावीत म्हणून प्रोत्साहन देत आहे आणि तरीही जन्मदर वर येत नाही. दक्षिण कोरियात असा सक्तीचा कायदा कधीच नव्हता, आणि २०२३ मध्ये तेथील दर ०.७२ पर्यंत घसरला.

सक्तीचा अनुभव आपल्यालाही आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांपैकी बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले होते; त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. या बळजबरीने कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमावरील लोकांचा विश्वास उडाला, पुरुष नसबंदी त्यानंतर सावरली नाही आणि वर आरोग्यवाट यांनी दिलेल्या ०.३ टक्क्यांमागे तो इतिहासही आहे.

कायद्याची मागणी करणाऱ्यांनी आणखी एक आकडा पाहावा. पुत्रप्राप्तीचा आग्रह तसाच ठेवून कुटुंब लहान केले, की त्याचा घाला मुलींवर पडतो. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या. २०११ मध्ये ८९४ राहिल्या. बीड जिल्ह्यात ही संख्या ८०७ होती. संख्येवर मर्यादा घालणारा कायदा हा आग्रह बदलू शकत नाही, उलट त्याला धार आणतो.

विश्वासार्ह आकड्यांबद्दल आपण विचारले होते. जनगणना प्रत्येक व्यक्तीची मोजणी करते, परंतु २०२१ ची जनगणना झाली नाही आणि नवीन मोजणीचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे; तोपर्यंत जिल्हा पातळीवरील एकूण लोकसंख्येसाठी २०११ हाच आधार आहे. जन्म आणि मृत्यू यांच्या दरांसाठी नमुना नोंदणी पद्धती पाहावी, तर शिक्षण, धर्म, गर्भनिरोधन यांनुसार फरक पाहण्यासाठी कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. पाचव्या फेरीत सुमारे ६ लाख ३७ हजार घरांत जाऊन ही माहिती घेतली गेली आहे. या दोन स्रोतांचे आकडे दशांशात थोडे वेगळे येतात. दिशा मात्र एकच आहे. एखाद्या मुलाने भाषणात संख्या सांगितली, तर ती कोणत्या वर्षाची, कोणत्या प्रदेशाची आणि दर हजारी की एकूण, एवढे तीन प्रश्न आपण व्यासपीठावरच विचारावेत, आणि त्यासाठी गुणांचा काही भाग राखून ठेवावा.

जिल्हावार

विषय बदलता येणार असेल, तर ‘माझ्या गावात २०५० मध्ये कोण राहत असेल?’ असा ठेवून पाहावा. देशात साठ वर्षांवरील लोकांचे प्रमाण २०११ मध्ये ८.६ टक्के होते, महाराष्ट्रात ९.९ आणि केरळमध्ये १२.६. हे प्रमाण वाढतच जाणार आहे, आणि आज नववीत असलेली मुले तेव्हा चाळिशीच्या जवळ असतील. वृद्धांची काळजी कोण घेणार, गावातील दवाखान्यात कोणत्या सोयी लागतील, बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीचे काय करावे, शेतीला माणसे कोठून येतील, याची माहिती त्यांना ग्रामपंचायतीच्या दप्तरातून आणि आशा सेविकांकडून स्वतः गोळा करता येईल. स्पर्धेला अजून अवकाश असल्यास, जिल्ह्याच्या जनगणना पुस्तिकेतील वयोगटांचे तक्ते कसे वाचावेत, याची दोन पानी टिपणे मी तयार करून येथे देऊ शकतो.